आधी कागद, मग पत्रा, इंजिन शेवटी

ठाकुर्लीत राहून जुनी अमेरिकन गाडी घ्यायची म्हटलं, की पैशांच्या आधी लांबीचा प्रश्न येतो. १९६५ ची शेवरले इम्पाला सुमारे ५.४ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. नव्वद फुटी रस्त्याकडच्या नव्या इमारतींत स्टिल्टखाली पार्किंगची जी मोठी चौकट आखलेली असते, ती साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. म्हणजे इम्पालाची डिकी हातभर बाहेर, आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत पहिला विषय तुम्ही. १९६९ ची डॉज चार्जर ५.३ मीटरची, तीही बसत नाही. १९६५ ची फोर्ड मस्टँग मात्र ४.६ मीटरची, ती सुखाने आत मावते. या छंदाची पहिली खरेदी मेजरिंग टेपची करावी.

लांबीवर तोडगा निघतो. भाड्याचा गाळा मिळतो, गावाकडे शेड असते. गाडी खरी अडते ती कागदांवर आणि पत्र्यावर. बहुतेक नवखं गिऱ्हाईक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकायला धावतं. जुन्या गाडीत इंजिन हा सर्वांत कमी काळजीचा भाग असतो, हे कळेपर्यंत टोकन देऊन झालेलं असतं. पण कागदांकडे वळण्याआधी, जुन्या अमेरिकन गाड्यांतली मसल कार म्हणजे काय आणि ती आपल्याकडे का सापडत नाही, ते पाहू.

मसल कार म्हणजे काय?

१९६३ साली जनरल मोटर्समध्ये एक अंतर्गत नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. नवी गाडी म्हणून परवानगी मागितलीच नाही. टेम्पेस्ट ल मान्स या साध्या मॉडेलवर ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं, मोठ्या गाडीचं इंजिन ‘जादा सामान’ म्हणून देऊ केलं. त्या सामानाचं नाव जीटीओ. १९६४ च्या हंगामात अशा ३२,४५० गाड्या खपल्या आणि वरिष्ठांचा विरोध आपोआप मावळला. मध्यम अंगाची, दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी, तिच्यात मोठं व्ही-८ इंजिन आणि किंमत तरुण नोकरदाराला परवडेल अशी: मसल कारचं सूत्र ते हेच. १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आलेली मस्टँग काटेकोरपणे पाहिलं तर या वर्गात बसत नाही, तिला अमेरिकेत ‘पोनी कार’ म्हणतात. पण मोठं इंजिन घेतलेली मस्टँग त्याच पंगतीत बसते. तिची सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर होती.

हा जमाना जेमतेम दहा वर्षं टिकला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधनं आणली आणि ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीने उरलासुरला जोर काढून घेतला.

आपल्याकडे त्या का नाहीत?

नेमक्या त्याच दहा वर्षांत भारताची दारं परदेशी मोटारींना जवळजवळ बंद होती. त्याआधी चित्र वेगळं होतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता आणि तिथून शेवरले बाहेर पडत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो रस्त्यावर आणल्या. या तिन्ही मूळच्या एकाच घरच्या. बिल्ला आणि जाळी वेगळी. मुंबईत त्यांतल्या कित्येक टॅक्सी म्हणूनही धावल्या.

पुढे सरकारने देशातच सुटे भाग बनवण्याचा आग्रह धरला. जुळणीवर भागवणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ पर्यंत निघून गेल्या. प्रीमियर हळूहळू फियाटकडे वळली आणि त्यातून पुढे पद्मिनी आली. साठच्या दशकात ज्या अमेरिकन गाड्या देशात शिरल्या त्या मुख्यतः वकिलातींच्या किंवा परदेशी अधिकाऱ्यांच्या. ते परत जाताना त्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. सिनेमावाल्यांच्या आणि कारखानदारांच्या दारातल्या इम्पालांमागे बरेचदा हाच इतिहास असतो. वकिलातीचा अधिकारी चार दारांची ऐसपैस गाडी आणी, शर्यतीची जीटीओ नव्हे. म्हणून आपल्या बाजारात इम्पाला, डॉज आणि प्लायमाउथ शोधल्यास सापडतात, अस्सल मसल कार मात्र हाताच्या बोटांवर.

आपल्या पट्ट्याचाही या कहाणीशी संबंध आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनत होती. गाड्या बंद पडल्या, प्रीमियर कॉलनी हे नाव तेवढं उरलं. पण त्या कारखान्यात हात काळे केलेली माणसं डोंबिवली-कल्याणमध्ये पुढेही गॅरेजं चालवत राहिली. जुनी गाडी घेणाऱ्याने जाहिराती चाळण्याआधी अशा एखाद्या मेस्त्रीची ओळख काढावी. कुठल्या वाड्यात कुठली गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, हे त्याला ठाऊक असतं.

कागद

भारतात आधीच असलेली गाडी घेताना पहिलं पाहायचं ते आरसी बुक, आणि त्यावरचं नाव. निम्म्या प्रकरणांत ते नाव दिवंगत आजोबांचं असतं. गाडी दाखवणारा नातू असतो आणि हक्क सांगणारे आणखी चार जण असतात. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. ते झाल्यावरच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० भरता येतात. ‘तुम्ही पैसे द्या, नाव आम्ही नंतर चढवून देऊ’ हे वाक्य ऐकलं की चहा संपवून उठावं.

दुसरी गोष्ट, गाडीचा नंबर. आजची एमएच मालिका १ जुलै १९८९ पासूनच्या नियमांतून आली. ठाण्याचा एमएच-०४ आणि कल्याणचा एमएच-०५ तेव्हापासूनचे. त्यामुळे १९६८ च्या गाडीवर एमएच-०५ दिसला तर ती मधल्या काळात दुसऱ्या राज्यातून आली आहे किंवा तिची नव्याने नोंदणी झाली आहे. त्यात गैर काही नाही, पण जुना नंबर कोणता होता आणि ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, कुठे आहे, हे विचारायलाच हवं. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांच्याबाबत हा कागद आधी मागावा.

तिसरी अडचण संगणकाची. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद ‘वाहन’ प्रणालीत अनेकदा नसते. मग आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ रजिस्टरमधली नोंद सापडावी लागते. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं. नोंद ऑनलाइन दिसल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

मग चेसिस नंबर. आरटीओच्या फॉर्मवर त्याची ‘पेन्सिल प्रिंट’ लागते. नंबर कोरलेल्या जागेवरची मळी घासलेटाच्या फडक्याने पुसायची, त्यावर पातळ कागदाची पट्टी धरायची आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. आकडे पांढरे उमटतात. ही प्रिंट एजंटवर न सोपवता स्वतः काढावी, कारण बोट फिरवताना बरंच काही कळतं. कारखान्यात ठोकलेले आकडे एका उंचीचे आणि एका खोलीचे असतात. एखादा आकडा तिरका किंवा जास्त खोल लागला, भोवतीचा पत्रा घासलेला किंवा वेल्डिंगचा जोड जाणवला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. त्याची दुरुस्ती कोणत्याही गॅरेजात होत नाही.

अमेरिकन गाडीत हाच नंबर तिचं कूळही सांगतो. १९८१ पूर्वी सतरा अक्षरांची आजची पद्धत नव्हती, प्रत्येक कंपनीची आपली लिपी होती. १९६५ च्या मस्टँगवर 5F07C ने सुरू होणारा नंबर असेल तर ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे साध्या छपराची दोन दारांची बॉडी आणि सी म्हणजे २८९ घन इंचांचं, २०० अश्वशक्तीचं इंजिन. त्या पाचव्या जागी के असेल तर तेच इंजिन २७१ अश्वशक्तीचं, आणि गाडीची किंमत कितीतरी पट. आता कुणी ‘के कोड’ म्हणून विकतो आहे आणि नंबरात सी आहे, तर बॉनेटखाली काहीही असो, ती के कोड नाही.

प्रत्येक गाडी इतकी सरळ बोलत नाही. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ कागदोपत्री ल मान्सच होती. ‘जादा सामाना’ची युक्ती इथे गिऱ्हाइकाच्या मुळावर येते. नंबरवरून ओळख पटत नाही आणि साध्या ल मान्सला बिल्ले लावून जीटीओ करणं सोपं जातं. तिथे पाँटियाकच्या जुन्या विक्री-नोंदींची नक्कल मागवावी लागते. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी ‘मार्टी रिपोर्ट’ नावाचा असाच उतारा मिळतो. या उठाठेवीमागे मोठे आकडे आहेत. १९७१ च्या प्लायमाउथ हेमी कूडा कन्व्हर्टिबल फक्त ११ बनल्या. त्यातली एक २०१४ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. साध्या बॅराकुडाला, म्हणजे कूडाच्या मूळ मॉडेलला, तिचा वेश चढवण्याचा मोह म्हणूनच होतो.

पत्रा

आपल्या हवेत जुन्या गाडीचा खरा वैरी गंज. चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने खाडीकडचा दमट वारा. त्यात २६ जुलै २००५ सारखा दिवस. त्या पुरात मुंबईपासून कल्याणपर्यंत हजारो गाड्या बुडाल्या आणि धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. बुडालेली गाडी वरून ओळखू येत नाही. सीट उचलून स्प्रिंगा पाहाव्यात, दाराचं पॅड सोडवून आतल्या पत्र्यावर पाण्याची आडवी रेघ आहे का पाहावं, डॅशबोर्डमागे वायरींच्या जुडग्यात बोट घालून गाळ लागतो का पाहावं.

बाहेरच्या रंगाला भुलू नये. कापडात गुंडाळलेला साधा लोहचुंबक चाकाच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडांवर, डिकीच्या कोपऱ्यांवर फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. थोडी पुट्टी प्रत्येक जुन्या गाडीत असते. पण वीतभर पट्टा निसटत असेल तर आत पत्राच उरलेला नाही असं समजावं.

मस्टँगमध्ये एक जागा खास पाहायची. समोरच्या काचेखाली जी जाळी दिसते तिच्यातून पावसाचं पाणी आत उतरतं, एका बंद पन्हाळीतून बाजूंनी खाली जातं. ही पन्हाळ आतून गंजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तपासणी सोपी आहे: तांब्याभर पाणी जाळीत ओतायचं आणि ड्रायव्हरच्या पायांशी टॉर्च मारून बसायचं. थेंब टपकला तर पन्हाळ कुजलेली आहे, आणि ती काढायला फेंडरपासून काचेपर्यंत गाडीचं अर्धं तोंड खोलावं लागतं. मालक पाणी ओतू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

इथे गाडीची घडणही कळायला हवी. इम्पाला, शेवरलेचीच शेवेल आणि जीटीओ यांना वेगळी चौकट असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टांनी बसवलेली असते. पत्रा सडला तरी चौकट शाबूत असू शकते. मस्टँग आणि डॉज चार्जरमध्ये बॉडी हीच चौकट. तिथला गंज म्हणजे गाडीचा कणाच गेला. उलट बाजूने पाहिलं तर मस्टँगचे नवे सुटे भाग अमेरिकेत आजही बनतात, अख्खी बॉडी शेलसुद्धा नवी मिळते. १९५२ च्या डॉजची जाळी किंवा मागच्या दिव्याची काच मात्र कुठेच बनत नाही. ती कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोरबाजारात किंवा दुसऱ्या मेलेल्या डॉजवर शोधावी लागते. म्हणून अपुऱ्या सामानाची दुर्मीळ गाडी घेण्यापेक्षा पूर्ण सामानाची सामान्य गाडी घेणं शहाणपणाचं.

इंजिन

आता बॉनेट उघडायला हरकत नाही. गाडी पाहायला जाताना आधी सांगून ठेवावं की इंजिन थंड पाहिजे. पोहोचल्यावर पहिला हात एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर ठेवावा. कोमट लागला तर विकणाऱ्याने आधीच चालू करून घेतलं आहे, कारण थंड असताना ते सुरू होत नसावं किंवा धूर ओकत असावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट. आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, आठांमध्ये फार तफावत नको.

या सगळ्याला खर्च आहे, पण उपाय आहे. ही इंजिनं साधी: एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर, संगणक नाही. चांगला मेस्त्री ती खोलून बोअर करून, नवे पिस्टन टाकून पुन्हा उभी करतो.

भारतातल्या जुन्या अमेरिकन गाड्यांत एक खास भानगड असते. चार-पाच किलोमीटरचं ॲव्हरेज देणारं पेट्रोल इंजिन परवडेना म्हणून मालकांनी ते काढून डिझेल बसवलं. अशी इम्पाला चालायला हरकत नाही, पण तिचं मोल आणि नोंदणी दोन्ही बदलतात. आरसीवर डिझेलची नोंद आहे का, मूळ इंजिन मालकाने जपून ठेवलं आहे का, हे विचारावं.

पेट्रोलचंही पाहायला हवं. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साठच्या दशकातल्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. गाडी घरी आणल्यावर पहिलं काम रंगाचं न काढता इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलण्याचं काढावं, आणि एक अग्निशामक सिलिंडर डिकीत ठेवावा.

परदेशातून आणायची तर

वर्षानुवर्षं नियम असा होता की १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेलीच गाडी ‘विंटेज’ म्हणून मोकळेपणाने आयात करता येई. मसल कार त्यात बसतच नव्हती. २०२५ मध्ये ही अट बदलून पन्नास वर्षांहून जुनी गाडी अशी झाली, आणि १९६४ ते १९७३ चा सगळा जमाना एकदम आत आला. पण सीमाशुल्क, अधिभार आणि जीएसटी मिळून करच गाडीच्या किमतीहून जास्त होतो, आणि तो जहाजभाडं व विमा धरलेल्या रकमेवर लागतो. पैसे पाठवण्याआधी न्हावाशेव्याला काम करणाऱ्या कस्टम एजंटाकडून लेखी हिशेब आणि पुनर्विक्रीच्या अटी समजून घ्याव्यात. न्यू जर्सीत किंवा डेट्रॉईटला मामेभाऊ असेल तर फोटोंवर न विसंबता त्याला लोहचुंबक घेऊन पाठवावं.

नोंदणीचे दोन रस्ते आहेत. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच भारतात नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मात्र ही गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. डिझेल झालेल्या इम्पालाची अडचण इथे होते.

दुसरा रस्ता नेहमीचा: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क साध्या मोटारीला १०,००० आणि आयात चारचाकीला ८०,००० रुपये झालं. वर्षातून चार वेळा गाडी काढणाऱ्याने पहिला रस्ता धरावा.

सुरुवात कुठून करावी?

ज्याने आजवर एकही जुनी गाडी सांभाळलेली नाही, त्याने थेट व्ही-८ वर उडी घेऊ नये. कुर्ल्यात बनलेली फियाट किंवा पद्मिनी घ्यावी. १,०८९ सीसीचं इंजिन, चार मीटरच्या आत लांबी, पार्ट सीएसटी रोडवर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. तिचे इंजिन-गिअर कोळून प्यायलेले मेस्त्री अजून कामावर आहेत. पद्मिनीवर दोन पावसाळे काढले, की गंज कुठून सुरू होतो, कार्बोरेटर कसा रुसतो, आरटीओच्या कुठल्या खिडकीवर कुठला फॉर्म लागतो हे अंगवळणी पडतं. हे शिक्षण मस्टँगवर घ्यायचं म्हटलं तर प्रत्येक धडा डॉलरमध्ये पडतो.

त्यानंतरही मोठी गाडी हवीशी वाटली तर जरूर घ्यावी. पाहायला जाताना मात्र क्रम मोडू नये. कागद जुळत नसतील तर पत्रा पाहू नये. पत्रा सडका असेल तर बॉनेट उघडायला सांगू नये. पहिल्या दोन परीक्षा पास झालेली, पण बंद पडलेली गाडी दिसली तर भाव पाडून ती घ्यावी. सौद्यात तुमची बाजू भक्कम असते ती अशाच गाडीपाशी, कारण बाकीची गिऱ्हाइकं सेल्फ मारून, आवाज आला नाही म्हणून परत गेलेली असतात.